बॅण्ड सुटल्यावरची गिटार : बॉब मोल्डचा ‘वर्कबुक’ कसा ऐकायचा

प्रश्न थोडक्यात असा : ‘सर, मी २१ वर्षांचा, नाशिकला असतो. हुस्कर डू या अमेरिकन बॅण्डचा ‘झेन आर्केड’ गेलं वर्षभर रोज ऐकतोय. त्यांचा गिटारिस्ट बॉब मोल्ड याचा पहिला सोलो अल्बम ‘वर्कबुक’ लावला आणि हिरमोड झाला. फार मऊ वाटला. मित्र म्हणतो, मोल्डचं सगळ्यात चांगलं काम हेच. कोण बरोबर? दुसरं, माझा स्वतःचा बॅण्ड मे महिन्यात फुटला. आता एकट्यानं, गिटारवर उभा असलेला अल्बम करतोय. चार गाणी सोबत पाठवली आहेत. जुने ऐकणारे म्हणतात, पूर्वीची मजा नाही. या बोलण्याचं काय करू?’

वयानं तू माझ्या विद्यार्थ्यांच्या बरोबरीचा, म्हणून अरेतुरे करतो. मी पुण्यात तीसेक वर्षं गिटार शिकवतोय आणि त्यातली बरीच वर्षं छोट्या स्टुडिओत इतरांची गाणी रेकॉर्ड करण्यात गेली आहेत. बॅण्ड सुटल्यावर एकटा उरलेला मुलगा गिटार घेऊन माझ्यासमोर बसलाय, हे दृश्य मी खूपदा पाहिलं आहे.

‘वर्कबुक’मध्ये काहीतरी कमी आहे, हे तुझ्या कानानं नेमकं टिपलं. तुला वाटलं आवाज कमी आहे. मला विचारशील तर कमी आहे तो ग्रँट हार्ट.

हुस्कर डू हा बॅण्ड १९७९ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात जमला. माणसं तीनच : गिटारवर मोल्ड, बासवर ग्रेग नॉर्टन आणि ड्रमवर अनवाणी पायांनी वाजवणारा हार्ट. गाणी लिहिणारे आणि गाणारे मात्र दोघं, मोल्ड आणि हार्ट. तिघांच्या घरात दोन कर्ते पुरुष. त्यांच्या शेवटच्या ‘वेअरहाउस’ या १९८७ च्या जोडअल्बमवर २० गाणी आहेत. ११ मोल्डची, ९ हार्टची. या वाटणीतच त्या घरातली ओढाताण दिसते. पण वाजवताना हीच ओढाताण त्यांची ताकद होती. ‘झेन आर्केड’ पुन्हा लाव आणि या वेळी गाणारा आवाज सोडून दे. मोल्डची गिटार जिथे श्वास घ्यायला थांबते, तिथे हार्टचा ड्रम घुसतो. ड्रम जिथे मोकळा होतो, तिथे गिटार आणखी वर चढते. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला जागा द्यायला तयार नाही. २३ गाण्यांचा तो ऐवज ८५ तासांत, ३,२०० डॉलरमध्ये, बहुतेक पहिल्याच टेकमध्ये, म्हणजे एकदाच वाजवून, उरकलेला आहे. तुला जी मजा वाटते ती या झटापटीची आहे.

आता त्या गिटारकडे जरा जवळून बघ, कारण ‘वर्कबुक’ची किल्ली तिथेच आहे. मोल्डकडे त्या काळात आयबानेझची व्ही आकाराची गिटार होती आणि एमएक्सआर कंपनीचं ‘डिस्टॉर्शन प्लस’ हे आवाज खरखरीत करणारं पिवळं पेडल. त्याला नॉब दोनच, एक आवाजाचा आणि एक खरखरीचा. एवढ्यावर तो भिंत उभी करायचा. पण भिंतीतल्या विटा ओळखीच्या नव्हत्या. बहुतेक पंक गिटारिस्ट पॉवर कॉर्ड वाजवतात : खालच्या दोन-तीन तारा, कॉर्डमधला तिसरा सूर गायब. मोल्ड बऱ्याचदा भरगच्च कॉर्ड धरायचा आणि वरच्या तारा मोकळ्या झणझणत ठेवायचा. तंबोऱ्याचा षड्ज जसा मागे सतत गुंजतो आणि त्यामुळे पुढचा प्रत्येक सूर वेगळा रंग घेतो, तसं काहीसं त्या मोकळ्या तारांमुळे होतं. म्हणून इतक्या गोंगाटातही गाण्याची चाल हरवत नाही. पेडल बंद केलं, वेग निम्मा केला आणि अकूस्टिक गिटार हातात दिली, तर उजव्या-डाव्या हाताच्या त्याच सवयींतून ‘वर्कबुक’चा आवाज निघतो. माणूस बदललेला नाही. त्याच्याशी भांडणारा समोरून उठून गेला आहे.

तो उठून गेला कसा, हेही सांगतो. १९८७ मध्ये दौऱ्याच्या तोंडावर बॅण्डच्या मॅनेजरनं आत्महत्या केली. घर आधीच चिरफाळलेलं होतं, ते पुन्हा सांधलं नाही. जानेवारी १९८८ मध्ये बॅण्ड संपला. मोल्डनं दारू त्याआधीच, १९८६ मध्ये सोडली होती. तो मिनीॲपोलिसच्या उत्तरेला, पाइन सिटीजवळच्या एका शेतघरात जाऊन राहिला आणि तिथे एकटा बसून लिहू लागला. ‘वर्कबुक’, म्हणजे सरावाची वही, हे नाव म्हणूनच अल्बमला शोभतं असं मला वाटतं. रेकॉर्डिंग झालं गायक प्रिन्सच्या पेझ्ली पार्क स्टुडिओत आणि १९८९ मध्ये व्हर्जिन या कंपनीनं अल्बम काढला. ड्रमवर अँटन फिअर, बासवर पेर उबू या बॅण्डमधला टोनी मायमोन, आणि चेलोवर जेन स्कार्पँटोनी. तिघंही पक्के कलाकार. पण ते गाण्याला साथ करायला आले होते, गाण्यावर हक्क सांगायला नाही. हा फरक तुला ऐकू आला आणि तू त्याला मऊपणा म्हणालास.

अल्बमची सुरुवात ‘सनस्पॉट्स’नं होते. दोनेक मिनिटांची, एकट्या अकूस्टिक गिटारची धून. गाणं नाही, ड्रम नाही. हुस्कर डूच्या ऐकणाऱ्यानं दुकानातून अल्बम आणला, घरी येऊन सुई ठेवली, आणि पहिली दोन मिनिटं हे! मला ही सुरुवात फार धाडसाची वाटते. मागच्या आठ वर्षांत ज्या आवाजामुळे लोक तुम्हाला ओळखू लागले, तो आवाज दाराबाहेर ठेवून आत यायचं. त्यानंतर ‘विशिंग वेल’ सुरू होतं आणि तिथे त्याची नवी रीत कळते : अकूस्टिक गिटार गाण्याचा कणा धरून ठेवते आणि इलेक्ट्रिक गिटार त्याच्या अंगावर धावून येते. पूर्वी हार्टचं जे काम होतं, ते आता मोल्ड स्वतःच्या दुसऱ्या गिटारकडून करून घेतोय. स्वतःशीच भांडतोय, पण दोन वेगळ्या वाद्यांवर.

‘वर्कबुक’मधल्या गिटारीच्या चकाकत्या आवाजाविषयी दोन शब्द, कारण तू गिटार वाजवतोस. असा आवाज बारा तारांच्या गिटारमधून मिळतो. बारा तारा मोल्डच्या हातातही पुढे आल्या. बारा तारा म्हणजे सहा जोड्या. वरच्या बारीक दोन जोड्या एकाच सुरात. उरलेल्या चार जोड्यांत एक तार मूळ सुराची आणि दुसरी तिच्या वरच्या सप्तकातली. दोन तारा कधीच शंभर टक्के जुळत नाहीत. त्या केसभर फरकातून ती थरथर येते. बारा तारांचा ताण मानेवर मोठा पडतो, म्हणून बरेच वादक सगळी गिटार एक सूर खाली लावतात. सहा तारांच्या दोन गिटारींतूनही हा आवाज जवळपास उभा करता येतो. ते कसं, हे तुझ्या गाण्यांकडे आलो की सांगतो.

‘सिनर्स अँड देअर रिपेंटन्सेस’मधला चेलो आणि ‘ड्रीमिंग, आय ॲम’मधली बोटांनी छेडलेली गिटार ऐकताना ब्रिटिश गिटारिस्ट रिचर्ड थॉम्पसनची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पुढे १९९४ च्या थॉम्पसन-गौरव अल्बमात मोल्डनं त्याचं एक गाणं गायलं, तेव्हा ते नातं उघडच झालं. ‘पॉयझन इयर्स’ हे गाणं बॅण्डच्या शेवटच्या दिवसांविषयी आहे, असंच बहुतेक ऐकणारे धरून चालतात. शेवटी जेव्हा इलेक्ट्रिक गिटार सुटते, तेव्हा मलाही दुसरं काही वाटत नाही. आणि सगळ्यात शेवटचं ‘व्हिचएव्हर वे द विंड ब्लोज’ तू बहुधा ऐकलंच नाहीस. मधेच अल्बम बंद केला असशील. ऐक. सहा मिनिटांहून लांब, किंचाळणारं, फाटक्या गिटारीचं गाणं आहे ते. ‘झेन आर्केड’ आवडणाऱ्या माणसानं ते ऐकून ‘मऊ’ हा शब्द पुन्हा वापरला, तर मी माझं म्हणणं मागे घेईन.

सगळंच मला आवडतं असं नाही. ड्रमवरचा तो मोठ्या हॉलसारखा घुमारा १९८९ सालाचा शिक्का आहे आणि आज तो जड वाटतो. एक-दोन ठिकाणी चेलो इतका पुढे आणलाय की गाण्यातला कडवटपणा गोड होतो. ‘लोनली आफ्टरनून’ ठीकठाक आहे, त्यापुढे नाही.

हा अल्बम माझ्या हातात आला १९९३ मध्ये, अमेरिकेहून सुट्टीवर आलेल्या मावसभावाच्या कॅसेटवर. एका बाजूला ‘वर्कबुक’, दुसऱ्या बाजूला ‘झेन आर्केड’चा जेवढा मावला तेवढा भाग. मी आधी गोंगाटाची बाजू वाजवून वाजवून झिजवली. ‘वर्कबुक’ची बाजू वर्षभर तशीच कोरी राहिली. मग आमचा स्वतःचा बॅण्ड फुटला आणि ज्या रात्री तो फुटला त्या रात्री मी कॅसेट उलटवली. त्यामुळे तुझ्या हिरमोडात मला काही गैर दिसत नाही. मीही तिथेच होतो.

१९८९ मध्येही ऐकणाऱ्यांचे असेच दोन गट पडले. जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना हा माघार घेतल्यासारखा वाटला : ज्यानं अमेरिकन हार्डकोरला, म्हणजे आक्रमक पंकला, वेग दिला तो आता चेलो घेऊन बसलाय! दुसरीकडे ज्यांनी हुस्कर डूचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांना ‘वर्कबुक’मधलं ‘सी अ लिटल लाइट’ रेडिओवर सापडलं. ते गाणं अमेरिकेच्या मॉडर्न रॉक यादीत वरच्या पाचात गेलं. चाल इतकी उजळ आहे की ती गुणगुणत असताना शब्दांतलं दुरावणारं नातं लक्षातच येत नाही. समीक्षकांनी अल्बमला चांगलंच उचलून धरलं. आणि त्याच वर्षी ग्रँट हार्टचा ‘इन्टॉलरन्स’ आला, जवळजवळ सगळी वाद्यं त्यानं स्वतः वाजवलेली. तो आवर्जून ऐक. एका भांडणातली दोन माणसं वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकाच वर्षी काय करतात, हे इतकं स्पष्ट फार क्वचित ऐकायला मिळतं. मोल्डकडे शिस्त आणि रचना, हार्टकडे ऑर्गन, पसारा आणि मोकळी गळामिठी. चाहते बाजू घेऊन भांडत बसले. मला दोन्ही अल्बम अर्धे वाटतात आणि दोन्ही लागतात. हार्ट २०१७ मध्ये गेला. त्यानंतर ते दोन एकापाठोपाठ लावले की ऐकणं जड जातं.

हुस्कर डू या नावाचा अर्थ तुला माहीत आहे का? ते स्कँडिनेव्हियातल्या एका स्मरणशक्तीच्या खेळाचं नाव, ‘तुला आठवतं का?’ जुने ऐकणारे सोलो अल्बमकडे हाच प्रश्न घेऊन येतात. त्यांनी बॅण्ड ऐकला तेव्हा ते कॉलेजात होते, प्रेमात होते, रात्रभर जागत होते. नव्या अल्बमकडे ते सगळं परत मागतात. ते देणं कुठल्याही गिटारिस्टच्या हातात नसतं. मागण्यात खोटं काही नसतं, हेही लक्षात ठेव. त्यांचं प्रेम खरं आहे म्हणूनच ते मागतात.

मोल्डनं पुढे काय केलं? दौऱ्यावर निघताना दुसऱ्या गिटारवर ख्रिस स्टेमीला घेतलं आणि तीच गाणी मंचावर मोठ्यानं, जास्त वेगानं वाजवली. २०१४ मध्ये ‘वर्कबुक’ची पंचवीस वर्षांची आवृत्ती निघाली, तिच्यात शिकागोच्या कॅबरे मेट्रोमधला १९८९ चा कार्यक्रम आहे. तो ऐकून तुझा मित्र आणि तू दोघंही खूश व्हाल. मग १९९० मध्ये ‘ब्लॅक शीट्स ऑफ रेन’ आला. तेच फिअर, तेच मायमोन, पण गिटार पुन्हा भिंतीसारखी. ज्यांनी ‘मऊ’ म्हणून तक्रार केली होती त्यांना हवं ते मिळालं, तरी बऱ्याच जणांना तो अल्बम फार अंधारा आणि एकसुरी वाटला. हा भाग तू नीट वाच. मागणी पुरवली म्हणून लोक समाधानी झाले, असं झालं नाही. ते झालं १९९२ मध्ये, ‘शुगर’ या नव्या तिघांच्या बॅण्डच्या ‘कॉपर ब्लू’नं. ब्रिटनच्या ‘एनएमई’ साप्ताहिकानं तो वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवला. त्यात ‘वर्कबुक’मधली गाणी बांधायची शिस्त आणि जुनी भिंत एकत्र आली आहे. शेतघरातल्या त्या एकांताशिवाय ‘कॉपर ब्लू’ झाला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २००२ मध्ये त्यानं ‘मॉड्युलेट’वर इलेक्ट्रॉनिक आवाज आणले तेव्हा पुन्हा लोक गोंधळले. २०१२ चा ‘सिल्व्हर एज’ पुन्हा मोठ्या आवाजाचा, आणि पुन्हा लोक खूश. माणूस मात्र इकडून तिकडे फिरत काम करत राहिला.

अशीच गोष्ट इतरांचीही. कान फोडणाऱ्या डायनोसॉर ज्युनियर या बॅण्डचा जे मॅसिस २०११ मध्ये ‘सेव्हरल शेड्स ऑफ व्हाय’वर जवळजवळ ड्रमशिवाय, अकूस्टिक घेऊन बसला. बिग थीफ या बॅण्डची एड्रियन लेंकर २०२० मध्ये दौरा अर्धवट राहिल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या एका खोलीच्या लाकडी घरात गेली आणि आठ ट्रॅकच्या टेपवर ‘साँग्ज’ केला. त्यात खोलीच ऐकू येते. तुझ्या कामाला मोल्डपेक्षा हा अल्बम जास्त जवळचा आहे, कारण तुझ्याकडे पेझ्ली पार्क नाही, एक खोली आहे.

आता तुझी चार गाणी. पहिलं आणि चौथं चांगलं आहे. चौथ्यातला अंतरा तर मी तीनदा लावला. गडबड दुसऱ्या गाण्यात आहे. तू तुमच्या जुन्या ड्रमरच्या सगळ्या जागा सॉफ्टवेअरनं भरल्यास. जिथे तो रोल घ्यायचा तिथे रोल, जिथे तो झांज उघडायचा तिथे झांज. तो मुलगा मला माहीत नाही, पण त्याची सावली मला ऐकू आली. जुने ऐकणारे ‘मजा नाही’ म्हणतात ते बहुतेक याच गाण्यामुळे. तू त्यांना जुन्या बॅण्डची आठवण करून देतोस आणि मग बॅण्ड देत नाहीस.

माझ्या बाबतीत असंच घडलं होतं. फुटलेल्या बॅण्डनंतर मी सहा गाण्यांची कॅसेट केली आणि आमच्या ड्रमरला, वर्षभर न बोललेल्या त्या मित्राला, नेऊन दिली. त्यानं पूर्ण ऐकली आणि म्हणाला, ‘पाचव्यात मला शोधत होतास. बाकीच्यांत नाही.’ मी घरी येऊन पाचवं गाणं काढून टाकलं. इतक्या वर्षांत मला मिळालेली तीच एक प्रतिक्रिया सरळ कामाला आली, कारण तिनं बोट ठेवलं ते एका जागेवर.

लोकांकडून तेच माग. ‘कसं वाटलं?’ असं विचारलंस की तुलनाच मिळणार. त्याऐवजी म्हण, ‘जिथे लक्ष उडालं तो मिनिट-सेकंद लिहून दे.’ बॅण्ड ऐकलेले चार आणि बॅण्ड अजिबात न ऐकलेले चार, असे आठ जण घे. दोन्ही गटांचं लक्ष एकाच जागी उडालं तर दोष गाण्यात आहे, आणि तो तुला दुरुस्त करायचा आहे. फक्त जुन्यांचं उडालं तर ते त्यांचं विरहदुःख आहे. त्याला वेळ दे, गाण्याला हात लावू नकोस.

दुसरं गाणं पुन्हा करताना ड्रमचा ट्रॅक आधी पूर्ण बंद कर. एकच गिटार आणि आवाज यावर गाणं उभं राहतंय का बघ. राहिलं तर दुसरी गिटार घे, पण पहिलीची नक्कल करून उजवीकडे टाकू नकोस. एकच टेक दोन्ही बाजूंना ठेवला तर आवाज मधोमधच बसतो, रुंद होत नाही. नव्यानं वाजव. पहिल्या गिटारवर ‘जी’ (G) ही कॉर्ड मोकळी धरली असेल तिथे दुसरीवर पाचव्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून ‘डी’चा (D) आकार धर. कॉर्ड तीच, सूर वरचे. एक टेक डावीकडे, एक उजवीकडे. मघाशी म्हटलं ती बारा तारांची चकाकी साधारण अशी येते, आणि मधली मोकळी जागा तुझ्या आवाजाला मिळते. माइक गिटारच्या भोकासमोर धरलेला दिसतोय, म्हणून खालचा आवाज घुमतोय. बाराव्या फ्रेटच्या आसपास, मान जिथे खोक्याला मिळते तिकडे तोंड करून, वीतभर अंतरावर ठेव.

आणि घाई करू नकोस. पावसाळी हवेत गिटारचं लाकूड फुगतं, तारा पट्टीपासून वर येतात. तुझ्या तिसऱ्या गाण्यात तिसऱ्या कडव्यापर्यंत बी तार चढलेली स्पष्ट ऐकू येते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेव, दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी झाली की तारा बदल, दोन दिवस त्या ताणून बसू दे आणि मग रेकॉर्ड कर. दुसरं गाणं झालं की फक्त तेवढंच पाठव, ड्रमशिवाय.